पी. के. बॅनर्जी : मैदानावरून प्रशिक्षकाच्या बाकावर

हावडा : कोलकात्याला रेल्वेने येणारा प्रवासी हुगळी नदीच्या पश्चिम काठावर, हावडा स्थानकात उतरतो आणि पूल ओलांडून महानगरात प्रवेश करतो. कोलकात्याच्या मैदानावर नाव कमावणाऱ्या अनेक फुटबॉलपटूंची वाटही हीच होती. १९५१ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे कर्णधार शैलेन मन्ना हावड्याचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे हावडा जिल्ह्यातील बालीचे.

मेलबर्नच्या त्या संघात वीस वर्षांचा आणखी एक बॅनर्जी होता. त्याचा जन्म हावड्याचा नव्हता. मात्र हावडा हे ज्या पूर्व रेल्वेचे मोठे स्थानक आहे, त्याच रेल्वेच्या संघातून तो खेळत असे. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच साऱ्या देशाचे 'पी. के.', यांच्या कारकिर्दीत एक विलक्षण विसंगती आढळते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंग या कोलकात्याच्या तीन बड्या क्लबांपैकी एकाचेही ते खेळाडू नव्हते. असे असूनही यांतील दोन क्लबांच्या इतिहासातील वैभवाचा काळ प्रशिक्षक म्हणून त्यांच्याच नावाशी जोडला गेला आहे. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या खेळाडूपणापासूनच सुरुवात करावी लागते.

रेल्वेचा आघाडीपटू

पी. के. बॅनर्जी यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील मयनागुडी येथे झाला. पुढे कुटुंब जमशेदपूरला आले आणि पोलादाच्या या नगरीत त्यांच्या खेळाला आकार मिळाला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी संतोष करंडक स्पर्धेत बिहारचे प्रतिनिधित्व केले. १९५४ मध्ये ते कोलकात्यात आले आणि आर्यन क्लबकडून खेळले. पुढच्याच वर्षी ते पूर्व रेल्वेच्या संघात दाखल झाले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

आजच्या वाचकाला हा निर्णय चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. देशभर गाजलेल्या खेळाडूने बडा क्लब का गाठू नये? त्या काळी भारतातील फुटबॉल व्यावसायिक नव्हता. खेळाडूला चरितार्थासाठी नोकरी आवश्यक होती आणि रेल्वेची नोकरी म्हणजे घराला आधार होता. त्या नोकरीसोबत रेल्वेचा गणवेश येत असे, तसा रेल्वेच्या संघाचा पोशाखही येत असे.

मात्र हा संघ दुय्यम नव्हता. १९३४ पासून कोलकाता लीगचे विजेतेपद तीन बड्या क्लबांच्या बाहेर गेलेच नव्हते. १९५८ मध्ये बाघा सोम यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्व रेल्वेने ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर बड्या तिघांबाहेरचा संघ विजेता होण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पीअरलेस या संघाने ही कामगिरी केली. मधल्या ६१ वर्षांचा विचार केला, की १९५८ च्या त्या यशाचे मोल ध्यानात येते. थोर खेळाडूंची रांग पाठीशी नसतानाही शिस्त आणि एकजूट यांच्या बळावर मोठ्यांना नमवता येते, हा धडा पी. के. यांना येथे प्रत्यक्ष मैदानावर मिळाला.

रहीम यांची शाळा

उजव्या बगलेवरून वेगाने मुसंडी मारणे आणि धावता धावता जोरकस फटका लगावणे, ही पी. के. यांच्या खेळाची ओळख होती. चुन्नी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पी. के. हे आघाडीचे त्रिकूट भारतीय फुटबॉलमध्ये आजही आदराने आठवले जाते.

या त्रिकुटाला घडवले ते हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्या सामन्यात मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी. के. भारताचे कर्णधार होते. फ्रान्सविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताचा तो गोल कर्णधारानेच केला होता. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा तो मिळवणारे पहिले फुटबॉलपटू तेच ठरले.

सर्वांत मोठा क्षण आला तो १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले होते. त्यानंतर भारताने थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे नमवले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाशी गाठ पडली. स्टेडियममधील प्रचंड जनसमुदाय भारताच्या विरोधात होता. पी. के. आणि जर्नैलसिंग यांच्या गोलांच्या बळावर भारताने हा सामना २-१ असा जिंकला. स्पर्धेत पी. के. यांच्या नावावर चार गोल जमा झाले.

जर्नैलसिंग हे वास्तविक बचावपटू. स्पर्धेत डोक्याला जखम होऊन टाके पडले असतानाही रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले होते. रहीम स्वतः त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. खेळाडूच्या पायांइतकेच त्याचे मन ओळखणारा प्रशिक्षक काय करू शकतो, हे पी. के. यांनी जकार्तात जवळून पाहिले. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे रहीम यांची ही कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

दोन क्लब, दोन समाज

दुखापतींमुळे १९६७ मध्ये पी. के. निवृत्त झाले आणि प्रशिक्षणाकडे वळले. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले. त्या संघासोबत जी. एम. एच. बाशा यांच्या जोडीने ते काम करीत होते. १९७२ मध्ये ईस्ट बंगालने त्यांच्याकडे संघाची सूत्रे सोपवली.

कोलकात्यात या पदाचा अर्थ काय होता, हे महाराष्ट्रातील वाचकासाठी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोहन बागान १८८९ मध्ये स्थापन झाला. १९११ मध्ये अनवाणी खेळाडूंच्या बळावर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकणारा हा क्लब पश्चिम बंगालमधील मूळ रहिवाशांचा, म्हणजे 'घोटीं'चा मानला जातो. ईस्ट बंगालची स्थापना १९२० ची. पूर्व बंगालमधून आलेल्या 'बांगाल' लोकांचा हा क्लब फाळणीनंतर लाखो निर्वासितांच्या अस्मितेचे प्रतीक बनला. एक संघ जिंकला की बाजारात कोळंबीची मागणी वाढते आणि दुसरा जिंकला की हिलसा माशाची, असे कोलकात्यात सांगितले जाते. घरदार गमावलेल्या माणसाला शनिवारच्या सामन्यातील विजय आठवडाभर पुरत असे.

अशा क्लबचे प्रशिक्षकपद म्हणजे केवळ डावपेचांची जबाबदारी नव्हती. तेथे जिंकणे हे समाजाचे देणे समजले जाई. पी. के. यांनी कोणत्याही बड्या क्लबचा रंग पूर्वी अंगावर चढवलेला नव्हता, ही गोष्ट येथे त्यांच्या पथ्यावर पडली. क्लबच्या जुन्या निष्ठा आणि जुनी वैरे यांचे ओझे त्यांच्या पाठीवर नव्हते.

'व्होकल टॉनिक' म्हणजे काय?

पी. के. यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख झाला, की 'व्होकल टॉनिक' हा शब्द हमखास येतो. सामन्यापूर्वी पोशाखाच्या खोलीत ते खेळाडूंशी जे बोलत, त्याला वृत्तपत्रांनी दिलेले हे नाव. शब्दांचे औषध, असा त्याचा सरळ अर्थ.

हे औषध सर्वांना एकाच मात्रेत दिले जात नसे. कोणाला शाबासकी हवी, कोणाला डिवचायला हवे आणि कोणाला घरच्या माणसांची आठवण करून द्यायला हवी, हे ते खेळाडूगणिक ठरवत. त्यासाठी खेळाडूच्या घरची परिस्थिती, त्याची भीती आणि त्याची हौस यांची माहिती असणे गरजेचे होते. ती माहिती सरावाच्या दिवसांत जमा होत असे. त्यामुळे सामन्यापूर्वीचे दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे हे फळ होते. त्याचे मूळ महिनोन्‌महिन्यांच्या सहवासात असे. शारीरिक तयारी आणि चेंडूवरील हुकमत यांच्या कठोर सरावाशिवाय शब्द व्यर्थ ठरतात, याची त्यांना जाणीव होती.

परिणाम लगेच दिसून आला. १९७२ मध्ये ईस्ट बंगालने लीगसह आयएफए शिल्ड, ड्युरँड चषक आणि मुंबईचा रोव्हर्स चषक पटकावला. रोव्हर्समध्ये मोहन बागानसोबत संयुक्त विजेतेपद मिळाले. १९७३ मध्ये उत्तर कोरियाच्या प्योंगयांग संघाला ३-१ असे हरवून शिल्ड पुन्हा जिंकली. १९७० पासून सुरू झालेली लीग विजेतेपदाची मालिका १९७५ मध्ये सहाव्या वर्षी पोहोचली. १९३४ ते १९३८ या काळातील महमेडन स्पोर्टिंगचा सलग पाच विजेतेपदांचा विक्रम त्यामुळे मागे पडला.

नदीवरची रात्र

३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. श्याम थापा यांनी दोन, तर सुरजित सेनगुप्त, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी प्रत्येकी एक गोल केला. या दोन संघांमधील हा सर्वांत मोठा विजय म्हणून नोंदला गेला आहे.

या पराभवाचा धक्का मोहन बागानच्या समर्थकांना सहन झाला नाही. एका तरुण समर्थकाने आपले जीवन संपवले. संतप्त जमावापासून वाचण्यासाठी मोहन बागानच्या काही खेळाडूंना ती रात्र कोलकाता आणि हावडा यांच्यामधील नदीच्या पात्रात, नावेवर काढावी लागली. त्यांत सुब्रत भट्टाचार्य होते आणि प्रसून बॅनर्जीही होते.

प्रसून हे पी. के. यांचे धाकटे बंधू. थोरल्या भावाने तयार केलेल्या संघाने आपला पाच गोलांनी पराभव केला आणि त्याच पराभवामुळे नावेवर लपून राहण्याची वेळ आली, असा प्रसंग क्रीडा इतिहासात क्वचितच घडला असेल.

पुढील वर्षी आणखी एक वळण आले. १९७६ मध्ये पी. के. ईस्ट बंगाल सोडून मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. ज्या खेळाडूंना त्यांनी खचवले होते, त्यांनाच आता उभे करायचे होते. आणि त्यांत त्यांचा भाऊही होता. त्या वर्षी २४ जुलै रोजी झालेल्या लीग सामन्यात मोहन बागानच्या अकबर यांनी अवघ्या १७ व्या सेकंदाला गोल केला आणि मोहन बागानने ईस्ट बंगालवर १-० असा विजय मिळवला. ईस्ट बंगालची सहा वर्षांची मालिका तेथे संपुष्टात आली.

ही निष्ठेशी प्रतारणा होती काय? भावनेच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु पी. के. यांनी प्रशिक्षण हा व्यवसाय मानला होता. डॉक्टर रुग्णाची जात विचारत नाही, त्याप्रमाणे प्रशिक्षकाने पोशाखाचा रंग पाहू नये, ही भूमिका त्यांच्या कृतीतून दिसते. हौशी खेळाच्या त्या काळात ही दृष्टी नवी होती आणि ती पचवणे कोलकात्याला सोपे नव्हते.

पेले आणि तिहेरी मुकुट

१९७७ च्या मोसमाची सुरुवात मोहन बागानसाठी वाईट झाली. लीगमध्ये ईस्ट बंगालने त्यांना २-० असे हरवले. अशा वेळी न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ कोलकात्यात आला. त्या संघात ब्राझीलचे पेले आणि कार्लोस आल्बेर्तो होते. २४ सप्टेंबर रोजी ईडन गार्डन्सवर चिखलाने भरलेल्या मैदानात सामना झाला. गौतम सरकार यांच्यावर पेलेंना रोखण्याची कामगिरी होती. श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांच्या गोलांमुळे मोहन बागान एका वेळी २-१ असा आघाडीवर होता. अखेर सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

त्या बरोबरीने संघाचा आत्मविश्वास परत आणला. काही दिवसांतच शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालचा १-० असा पराभव झाला. त्यानंतर मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक आणि दिल्लीत ड्युरँड चषक जिंकून मोहन बागानने तिहेरी मुकुट पूर्ण केला. दोन प्रतिस्पर्धी क्लबांना असा मुकुट मिळवून देणारे पी. के. हे एकच प्रशिक्षक ठरले. १९७८ मध्ये सोव्हिएत संघराज्यातील आरारात येरेवान या बलाढ्य संघाशी २-२ अशी बरोबरी साधून मोहन बागानने शिल्डचे संयुक्त विजेतेपद मिळवले.

१९८० मध्ये ते पुन्हा ईस्ट बंगालकडे परतले. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी ईडन गार्डन्सवर दोन्ही क्लबांमधील सामन्यात उसळलेल्या हाणामारीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांना प्राण गमवावे लागले. ज्या भावनेवर कोलकात्याचा फुटबॉल उभा होता, तिचे दुसरे टोक त्या दिवशी सर्वांना दिसले.

शब्दांची मर्यादा

१९७२ च्या ऑलिंपिक पात्रता सामन्यांपासून १९८६ पर्यंत निरनिराळ्या टप्प्यांवर पी. के. यांनी राष्ट्रीय संघाला मार्गदर्शन केले. क्लबांसोबत मिळालेले यश मात्र येथे त्यांच्या वाट्याला आले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा पराभूत झाला. या संघाचे कर्णधार होते गोलरक्षक भास्कर गांगुली. १९७५ च्या त्या ५-० सामन्यात मोहन बागानचे गोलरक्षक म्हणून चार गोल स्वीकारावे लागलेला तरुण तो हाच. पी. के. यांच्या संघाने ज्याची कारकीर्द संपवल्यासारखे वाटले होते, तोच सात वर्षांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली देशाचे नेतृत्व करीत होता.

राष्ट्रीय संघाच्या अपयशामागे एक साधे कारण होते. १९६२ नंतर जपान, दक्षिण कोरिया आणि पश्चिम आशियातील देशांनी लहान वयापासून शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय सामने आणि व्यावसायिक व्यवस्था उभी केली. भारतात खेळ क्लबांच्या चुरशीभोवतीच फिरत राहिला. प्रेरक शब्द एका सामन्यापुरते बळ देऊ शकतात; व्यवस्थेची उणीव ते भरून काढू शकत नाहीत. १९७० च्या कांस्यपदकानंतर २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत भारताच्या पुरुष संघाला आशियाई स्पर्धेत पुन्हा पदक मिळालेले नाही.

ही उणीव पी. के. यांनाही दिसत असावी. १९९१ पासून १९९७ पर्यंत त्यांनी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे तांत्रिक संचालक म्हणून काम केले. ज्या गावात त्यांचा स्वतःचा खेळ घडला, तेथेच ते आता पुढच्या पिढीतील मुलांना घडवू लागले.

शेवटची मोठी झुंज

१३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांचे जुने कसब पुन्हा एकदा पाहायला मिळाले. मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त. स्वखर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे शिक्षण घेतलेले दत्त हे डावपेचांचे अभ्यासक होते आणि त्यांची 'डायमंड' रचना त्या मोसमात गाजत होती. सामन्यापूर्वी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची जाहीर टिंगल केली. पी. के. यांनी त्याला जाहीर उत्तर न देता ती टिंगल आपल्या खेळाडूंच्या मनात पेटवली.

सॉल्ट लेक स्टेडियममध्ये त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक होते. भारतातील कोणत्याही क्रीडा सामन्यासाठी जमलेल्या सर्वांत मोठ्या समुदायांपैकी हा एक होता. बायचुंग भुतिया यांनी तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला. अमल दत्त यांच्या विचाराला त्यामुळे कमीपणा येत नाही. भारतीय फुटबॉलला दत्तांचा फळा आणि पी. के. यांचा शब्द या दोन्हींची गरज होती.

१९९० मध्ये पी. के. यांना पद्मश्री आणि २००४ मध्ये फिफाचा शताब्दी सन्मान मिळाला. २० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. काही दिवसांतच देशभर टाळेबंदी सुरू झाली. ३० एप्रिल रोजी चुन्नी गोस्वामी यांनीही जगाचा निरोप घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम गेले. जकार्ताच्या आघाडीचे ते त्रिकूट आता फक्त नोंदींत आणि आठवणींत उरले आहे.

१९७५ ची ती रात्र नावेवर काढणारे प्रसून बॅनर्जी पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. २०१३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून गेले. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ मध्येही मतदारांनी त्यांना कौल दिला. त्यांचा मतदारसंघ आहे हावडा.